एकसष्टावी फेरी

हार्लन ब्रुन्सला चुकीचा आकडा म्हणजे दाढेत अडकलेल्या मक्याच्या सालीसारखा. निघेपर्यंत माणूस दुसरं काही करणार नाही. आपल्या लिंडेल काउंटीत अख्ख्या जगाला ठाऊक आहे हे. कॅफेत कुणी सहज म्हणालं की एकाहत्तर साली अमक्याची गाडी तिसरी आली, की कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज यायचाच, ‘चौथी.’ मान वर न करता. समोरच्या सँडविचमधलं मांस पावाच्या चारी बाजूंनी बाहेर लोंबतंय, ते कापता कापता. ‘चौथी. तिसरा आला तो लाल गाडीवाला.’

आणि तो पत्रकार झाला तोसुद्धा या खोडीपायीच!

म्हणजे झालं असं, की आधी तो स्वतः गाडी पळवायचा. सायीच्या रंगाची, आठ नंबरची, मातीच्या ट्रॅकवरची उघडी रेसगाडी. आठवडाभर शेतकऱ्यांच्या सहकारी कोठारात, कोऑपमध्ये, धान्याच्या पट्ट्यावर काम, आणि शनिवारी रेस. सत्त्याहत्तर साली तिसऱ्या वळणावर गाडी अशी कोलांट्या खात गेली, की दोन्ही मनगटं मोडली. दोन्ही! हॉस्पिटलात तो पडलेला असताना बायकोनं, मावीसनं, त्याला ‘हाफ माइल न्यूज’ वाचून दाखवला. आमच्याकडचं रेसचं साप्ताहिक ते. त्यात लिहिलेलं, ब्रुन्स बाराव्या फेरीत उलटला. हार्लन उठूनच बसला. ‘चौदाव्या! चौदाव्या फेरीत उलटलो मी! माझी मनगटं, मला विचारा ना!’

हात प्लास्टरमध्ये, म्हणून पत्र त्यानं तोंडी सांगितलं आणि मावीसनं लिहिलं. भलं मोठं, सगळ्या चुका एकेक करून. आणि शेवटी ती ओळ, ‘ज्याला फेऱ्या मोजता येत नाहीत, त्यानं घरी बसून वाटाणे सोलावेत.’

त्या ओळीपाशी मावीसचं पेन थांबलं. ‘हे असंच लिहू?’

‘अगदी असंच.’

तिनं लिहिलं.

त्या वेळचे संपादक म्हणजे आताच्या संपादक जोलीनचे वडील. त्यांनी पत्र तर छापलंच, वर निरोप धाडला, एवढं कळतंय तर तूच लिही. मनगटं जुळली, पण स्टिअरिंग धरण्याइतकी काही जुळली नाहीत. टाइपरायटर मात्र चालायला लागला. तेव्हापासून बत्तीस वर्षं, दर आठवड्याला, हार्लनचा कॉलम. आणि कॉलमच्या डोक्यावर, त्याच्या फोटोखाली, ती वाटाण्याची ओळ. बत्तीस वर्षं तीच!

आता यंदाच्या जूनमधलं सांगते.

जत्रेच्या मैदानातला मोजणीचा माळा पाडायचं ठरलं. स्टँडच्या माथ्यावर ती लाकडी खोली होती बघा, कबुतरांनी भरलेली, तीच. हल्ली गाडीत चिप असते, ती आपोआप मोजते. पण पूर्वी बायका मोजायच्या. वीस गाड्या, वीस बायका, बाकावर ओळीनं. प्रत्येकीच्या मांडीवर एक कागद, एक ते शंभर छापलेला. आपली गाडी रेघेवरून गेली की समोरच्या भल्यामोठ्या घड्याळात बघायचं आणि त्या फेरीपुढं वेळ लिहायची. एवढंच काम. पण डोळा हलवायचा नाही. आणि एक नियम होता, फार कडक. स्वतःच्या नवऱ्याची गाडी बायकोनं मोजायची नाही. का, तर बायका दयाळू असतात, एखादी फेरी जास्तीची देऊन बसतात! मग अदलाबदल व्हायची. हार्लनची गाडी मोजायची आर्डिस टीग. आणि आर्डिसचा नवरा डेल्मर, निळी चव्वेचाळीस नंबरची गाडी, तो मोजायची मावीस. दोघी शेजारी शेजारी. धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर वाकलेल्या कडांचे काळे चष्मे, पेन्सिल लोकरीच्या दोऱ्यानं गळ्यात बांधलेली.

तर माळा पाडायच्या आधी मैदानाच्या सेक्रेटरीनं एक खोकं हार्लनच्या गाडीत ठेवलं. जुने मोजणीचे कागद, वर्षावर्षाच्या गुंडाळ्या. जोलीनचा फोन आला, ‘हार्लन, सोमवारी बारापर्यंत मजकूर हवाय हं. माळ्याला निरोप. आणि त्यात तुमची चौऱ्याहत्तरची रेस आलीच पाहिजे. तुम्ही एकच तर जिंकलात मोठी!’

‘एक पुरते,’ हार्लन म्हणाला.

शंभर फेऱ्यांची, मजूर दिनाची रेस. चषक अजून त्याच्या टीव्हीवर आहे. आणि ही रेस म्हणजे डेल्मर टीगचं दुखणं! पस्तीस वर्षं तो सांगतोय की ती रेस त्यानं जिंकली. लग्नात, मयतीत, न्हाव्याकडे. रेघ पहिल्यांदा त्यानं ओलांडली हे सगळ्यांनी बघितलेलं. पण मोजणीत तो एक फेरी मागे निघाला, मग झेंडा मिळाला हार्लनला. तक्रार अर्ध्या तासात लेखी द्यायची होती, तो अर्धा तास डेल्मरनं शिव्या देण्यात घालवला. संपलं. हल्ली तो ‘चौऱ्याहत्तर साली...’ म्हणून तोंड उघडतो, तोवर लोक बिल मागवतात.

शनिवारी सकाळी हार्लननं स्वयंपाकघराच्या टेबलावर खोकं रिकामं केलं. गुंडाळीचं रबर हात लावताच तुटलं. कागदांना अजून त्या मातीचा वास! एकीकडे कॉफी, एकीकडे कागद, आणि हार्लन कुठल्या कुठे गेला. ट्रेलरवर गाडी लादून पहाटे निघायचं, मावीसच्या मांडीवर हॅम सँडविचचा डबा. शेंगदाणे चुकूनसुद्धा नाहीत, शेंगदाणे अपशकुनी. ट्रॅकवर पोचलं की तो आधी तिसऱ्या वळणावर जाऊन टाचेनं माती उकरायचा, चिमटीत चोळायचा. मावीस लांबून ओरडायची, ‘खाऊ नकोस, जेवण आणलंय!’ रात्री परतताना तिचं डोकं याच्या खांद्यावर, केसांत धूळ, आणि हा गिअर न बदलता दामटायचा, ती जागी होऊ नये म्हणून. सहा वर्षं झाली तिला जाऊन. तिचा तो काळा चष्मा अजून खिडकीत आहे.

मग तिचा कागद हाती आला. गाडी चव्वेचाळीस, मोजणार मावीस ब्रुन्स. सातचा आकडा मधोमध आडवी रेघ मारून, तिच्या आजीनं शिकवलेला. हार्लन नुसता बोट फिरवत बसला. काही शोधत नव्हता हो! तिचं अक्षर बघत होता, बस.

पण सवय. तो मनात वजाबाकी करायला लागला. तेवीस सेकंद. तेवीस. चोवीस. तेवीस. डेल्मर असा चालवायचा, शिवणयंत्रासारखा. साठावी फेरी, घड्याळात तेवीस मिनिटं एकवीस सेकंद. एकसष्टावी, चोवीस मिनिटं आठ.

सत्तेचाळीस सेकंद.

हार्लननं पुन्हा वजाबाकी केली. मग पेन्सिल आणून केली. डेल्मर त्या दिवशी कुठं थांबला नव्हता, घसरला नव्हता. सत्तेचाळीस सेकंदांत माणूस दोन फेऱ्या मारतो. त्याच्या पुढं सगळं नीट, तेवीस, तेवीस, आणि खाली शंभरावी ओळ कोरी.

त्यानं आर्डिसचा कागद काढला, त्याच्या स्वतःच्या गाडीचा. साठावी फेरी, तेवीस अठरा. एकसष्टावी, तेवीस सत्तेचाळीस. त्याची ती फेरी एकोणतीस सेकंदांची. आणि ती कुठली फेरी हे त्याला कागदाशिवायही आठवलं. शेवटच्या वळणातली, स्टँडच्या अगदी समोरची! मागचं चाक कठड्याला घासलं, गाडी दोन चाकांवर उभी राहिली, समोर नुसतं आभाळ दिसलं. अख्खा स्टँड उठला होता म्हणे. त्याच्या चष्म्यावर चिखल थापला. शेजारनं कोण निघून गेलं ते त्याला दिसलंच नाही. पुढं बऱ्याच वेळानं निळी चव्वेचाळीस समोर दिसली, तेव्हा त्याला वाटलं, आपण हिला एका फेरीनं मागे टाकायला आलोय!

निघून गेला तो डेल्मर होता. तेवीस चव्वेचाळीसच्या सुमाराला त्यानं रेघ ओलांडली, आणि त्या वेळी मावीसनं लिहिलं नाही.

कॉफी गार झाली. हार्लनला पहिल्यांदा चषक आठवला, आणि नवल म्हणजे त्याचं फार काही वाटलं नाही. एकच होता, तोही गेला, बरं. पण मग ते दुसरं सगळं आठवायला लागलं. पुढच्या वर्षी मावीस माळ्यावर चढलीच नाही. ‘उन्हानं डोळे दुखतात,’ म्हणाली. चर्चच्या बायकांबरोबर घरी भाजलेल्या फळांच्या पाई विकायला स्टँडखाली बसायची, ट्रॅककडे पाठ करून. आणि तो घरातला विनोद! पाईमध्ये साखरेऐवजी मीठ पडलं, गाडीतून जाताना वळण चुकलं, की मावीस म्हणायची, ‘जाऊ दे, मी आपली घरी बसून वाटाणे सोलते.’ हा हसायचा. दर वेळी हसायचा, मूर्खासारखा!

तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली ती ओळ. ‘हे असंच लिहू?’

आता करायचं काय? खरं छापायचं, तर सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोचं नाव चुकीखाली टाकायचं, सगळ्या राज्यासमोर, वाटाण्याच्या ओळीखाली. नाही छापायचं, तर ती ओळ डोक्यावर घेऊन पुढच्या शनिवारी ट्रॅकवर कुठल्या तोंडानं जायचं? त्यानं कागद गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. त्याच संध्याकाळी रेसला गेला, पण हातात वही आणि वहीत काही नाही. ट्रॅकवरची पोरं विचारायला लागली, तब्येत बरी आहे ना.

रविवारी चर्च सुटल्यावर तो सरळ टीगांच्या शेतावर गेला. दोन्ही कागद खाऊच्या डब्यात घालून, चुरगळू नयेत म्हणून.

डेल्मर शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राखाली झोपलेला, नुसते बूट दिसत होते. बूट म्हणाले, ‘कोण मेलं?’

‘कुणी नाही. बाहेर ये.’

‘रविवारी टाय लावून आलायस, म्हणजे कुणीतरी मेलंय.’

‘चौऱ्याहत्तरबद्दल बोलायचंय.’

यंत्राखाली पाना खणकन पडला. मग डेल्मर सरपटत बाहेर आला, कपाळाला ग्रीस. ‘तू? तू स्वतःहून? आर्डिस! आर्डिस, कॉफी टाक, ह्याला बरं नाहीये!’

आर्डिसनं कॉफी टाकली, रुबार्बची पाई कापली. हार्लननं टेबलावर कागद मांडले आणि बोट ठेवलं. डेल्मर चष्मा शोधायला गेला, तो डोक्यावरच होता. मग वाचायला बसला, ओठ हलवत, ग्रीसचं बोट कागदाला लागू नये म्हणून हवेतच फिरवत. साठ. एकसष्ट. मागे आला. पुन्हा साठ.

‘सत्तेचाळीस,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मी थांबलो नव्हतो.’

‘नव्हतास.’

‘म्हणजे मी जिंकलो.’

‘तू जिंकलास, डेल्मर.’

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा नाचला असेल. छे! तो उठला, सिंकपाशी जाऊन उगाच हात धुवायला लागला. बराच वेळ. पाठमोराच म्हणाला, ‘पस्तीस वर्षं बोंबलतोय मी. मला स्वतःला खरं वाटेनासं झालं होतं. गेल्या ख्रिसमसला मनाशी म्हटलं, पुरे आता, हरलास, गप्प बैस.’

‘झालात का कधी गप्प?’ आर्डिस म्हणाली. ‘आणि आता काय बोलणार तुम्ही? उरलंय काय?’

हार्लननं विचारलं, ‘आर्डिस, तू शेजारी होतीस.’

आर्डिसनं पाईच्या ताटलीवरचा चुरा बोटानं गोळा केला. ‘मी तुझी गाडी लिहीत होते. तुझी लिहून मान वळवली, तर मावीस उभी. बाकावरून उठून उभी, पेन्सिल गळ्यात लोंबतेय आणि दोन्ही हात तोंडावर. तू दोन चाकांवर गेला होतास ना. तुझी गाडी पुढच्या वळणात नीट गेली तेव्हा ती बसली. बस, इतकंच बघितलं मी. नंतर जिन्यात मला म्हणाली, आर्डिस, मी सगळ्या लिहिल्या ना गं? मी म्हटलं, लिहिल्याच असशील.’

डेल्मर गर्रकन वळला. ‘तुला माहीत होतं?’

‘मला काय माहीत असणार? ती उभी होती एवढं माहीत होतं.’

‘पस्तीस वर्षं एका बिछान्यात झोपतेस माझ्याबरोबर!’

‘आणि सांगितलं असतं, तर गेला असतात ना शिव्या देत तिच्या दारात? ती माझी मैत्रीण होती. तुम्ही नुसते नवरा.’

‘मग माझी बायको का नाही चुकली कधी?’ डेल्मरचा आवाज चढला. ‘तूही बसायचीस तिथं! ह्याची एक फेरी नाही चुकवलीस कधी!’

‘कारण मी तुमच्याकडे बघत नव्हते,’ आर्डिस म्हणाली. ‘तुमच्यात बघण्यासारखं काय होतं? तेवीस, तेवीस, तेवीस.’

हार्लनला हसू फुटलं. कॉफी नाकात गेली. डेल्मर दोन क्षण फुगून उभा राहिला, मग तोही बसला आणि टेबलावर हात आपटून हसायला लागला. हसता हसता हार्लनचे डोळे भरले आणि मग थांबेचनात. आर्डिसनं फक्त रुमालांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

‘मी छापतोय,’ तो नाक पुसत म्हणाला. ‘तिच्या नावासकट.’

‘नाव कशाला?’ डेल्मर म्हणाला. ‘घड्याळ बिघडलं होतं असं लिही की. मला चालेल. मी जिंकलो एवढं आलं म्हणजे झालं.’

आणि हे म्हणणारा कोण, तर डेल्मर टीग! हार्लन त्याच्याकडे बघतच राहिला.

‘घड्याळ नव्हतं बिघडलं,’ तो म्हणाला. ‘डेल्मर, तिनं नव्याण्णव वेळा तुझ्याकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. ते मी घड्याळावर कसं घालू?’

मग दोघांची सौदेबाजी झाली. चषक डेल्मरला, हे लगेच ठरलं. पण डेल्मरला मावीसचा कागदसुद्धा हवा होता, काचेत बसवून कॅफेत लावायला. ‘पुरावा आहे तो माझा! त्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?’

‘कागद माझा.’

‘चव्वेचाळीस नंबर लिहिलाय त्यावर!’

‘अक्षर माझ्या बायकोचं आहे.’

‘द्या हो त्याला,’ आर्डिस म्हणाली. ‘तुम्ही फोटो लावा.’

सोमवारी सकाळी अकराला मजकूर गेला. बत्तीस वर्षांतला सगळ्यात छोटा. माळ्याबद्दल थोडं, बायकांबद्दल थोडं, मग दोन कागदांचे आकडे शेजारी शेजारी, कुणालाही वजाबाकी करता यावी असे. आणि खाली, ‘चौऱ्याहत्तरची मजूर दिनाची रेस डेल्मर टीगनं जिंकली. एकसष्टाव्या फेरीत मावीस ब्रुन्सनं कागदावरून मान वर करून आपल्या नवऱ्याकडे बघितलं. तिच्या नवऱ्याची तक्रार नाही.’

जोलीनचा फोन. ‘हार्लन, मिळालं. एक विचारायचं होतं. डोक्यावरची ती ओळ... वाटाण्याची. ठेवू?’

‘काढ,’ हार्लन म्हणाला.

‘त्या जागी काय टाकू?’

‘काही नको. कोरी राहू दे.’

अंक गुरुवारी आला. शुक्रवारी दुपारी हार्लनच्या दारात डेल्मरची पिकअप. मागे दोन बादल्या, काठोकाठ वाटाण्याच्या शेंगा. जन्मभर ज्यानं हिरवा रंग अपशकुनी म्हणून गाडीच्या जवळ येऊ दिला नाही, तो दोन हिरव्या बादल्या उचलून ओसरीवर आला आणि त्यानं त्या हार्लनच्या पायाशी आदळल्या.

‘घे. सोल.’

‘दोन बादल्या?’

‘ज्याला मोजता येत नाही त्यानं काय करायचं असतं? आणि ऐक, तो तुझा चषक. त्याच्या बुडाला हिरवं कापड चिकटवलंय! पस्तीस वर्षं घरात ठेवलंस ते? उगाच नाही तुझी मनगटं मोडली. मी शेडमध्ये ठेवलाय.’

‘खरवडून काढ मग.’

‘काढणारच आहे. आणि तुझ्या मजकुरात चूक आहे.’

हार्लन ताठ झाला. ‘कुठं?’

‘माझी गाडी निळी लिहिलीस. गडद निळी होती.’

दोघं ओसरीवर बसले, मध्ये पातेलं घेऊन. डेल्मर निम्मे वाटाणे तोंडात टाकत होता आणि चौऱ्याहत्तरची रेस पहिल्यापासून सांगत होता, जणू हार्लन तिथं नव्हताच. हार्लन ऐकत होता. आतल्या भिंतीवर, त्याच्या टाइपरायटरच्या वर, मावीसचा कागद लावलेला होता. उघड्या दारातून तो अर्धाच दिसत होता. ‘मग साठावी फेरी,’ डेल्मर म्हणाला, ‘मी तुझ्या मागं तीन सेकंदांवर...’

‘हळू सांग,’ हार्लन म्हणाला. ‘पुढची नीट सांग.’